नाव घातलेला पेला

आमच्या घरी एक स्टीलचा पेला होता. काठाखाली बारीक ठिपक्यांनी माझं नाव घातलेलं, त्याखाली 'इ. ४ थी, प्रथम क्रमांक', आणि त्याखाली साल. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सरपंचांच्या हस्ते तो मला मिळाला होता. आई तो रोजच्या वापरात काढत नसे. मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर तो पालथा घातलेला असायचा आणि पाहुणे आले की खाली उतरायचा. तांब्या-पेला घेऊन ओसरीवर जायचं काम माझ्या धाकट्या भावाचं.

पाहुणा पाणी प्यायचा आणि पेला खाली ठेवण्याआधी हातात फिरवून अक्षरं वाचायचा. "अरे वा, पहिला नंबर! आणि तुझा रे कितवा?" भाऊ तांब्या धरून तसाच उभा. तो उत्तर द्यायचा नाही. आतून आईच सांगायची, "त्याचं अजून लक्ष नाही अभ्यासात."

आईच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला लेकीचं कौतुक होतं, आणि ते चारचौघांत मिरवायला तिच्याकडे त्या पेल्याशिवाय दुसरं काही नव्हतं. पण मी शिक्षिका झाले आणि वर्गात पहिल्यांदा बक्षीस द्यायची वेळ आली, तेव्हा मला टाळ्या आणि सरपंच आठवण्याआधी भाऊ आठवला. तरीही मी बक्षिसं दिली, पंचवीसहून जास्त वर्षं देत आले. कशाला दिली, कुणाला दिली आणि त्यातून काय झालं, ते आता नोकरीची शेवटची वर्षं उरली असताना लिहून ठेवावंसं वाटतं.

पेल्याने माझं काय केलं, तेही सांगायला हवं. पाचवीत आमच्या वर्गात दुसऱ्या नंबरावर असलेली मुलगी माझी जिवाभावाची मैत्रीण होती. आम्ही एका बाकावर बसायचो. चौथीपर्यंत तिला गणित अडलं की मी सांगायची आणि मला शुद्धलेखन अडलं की ती. पेला मिळाल्यानंतरच्या वर्षी मी वहीच्या आणि तिच्या मध्ये कंपासपेटी उभी करून ठेवायला लागले. मला कुणी शिकवलं नव्हतं तसं करायला. गणित मला आधीही आवडायचं आणि नंतरही आवडत राहिलं, पण त्याच्या जोडीला एक धास्ती येऊन बसली, ती दहावीपर्यंत उठली नाही. पेपर हातात पडला की आधी शेजारणीचे मार्क बघायचे, मग आपले.

१९९७ साली मला नोकरी लागली ती बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका दोनशिक्षकी शाळेत. त्या भागात दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला निघते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. किती माणसं गेली असं तिथे कुणी विचारत नाही, किती कोयते गेले असं विचारतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिकडे कारखाना असेल तिकडे बैलगाड्या आणि ट्रक जातात. त्यांच्यासोबत लेकरं जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या हजेरीपटावर दिवाळीपर्यंत भरलेल्या ओळी होत्या आणि त्यानंतर अर्ध्याहून जास्त ओळी गैरहजर.

अशा शाळेत मी एक रुपयाची योजना पाहिली. १९९२ पासून राज्यात उपस्थिती भत्ता सुरू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या घरातली मुलगी पहिली ते चौथीत शिकत असेल, तर ती शाळेत येईल त्या प्रत्येक दिवसाला एक रुपया. वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये. त्याच काळात तांदूळही होता. १९९५ साली देशभर सुरू झालेल्या पोषण आहार योजनेत सुरुवातीला शिजवलेलं अन्न नव्हतं, महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. तांदूळवाटपाच्या दिवशी पिशव्या घेऊन आया शाळेच्या व्हरांड्यात रांगेत बसायच्या.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांच्या, बैठकीत तेव्हा एक वाक्य नेहमी ऐकू यायचं: "ही पोरं शिकायला येत नाहीत, तांदळाला येतात." मला ते वाक्य तेव्हाही लागायचं. तांदळाला का येईना, मूल आलं तर फळ्यासमोर बसणार होतं. न येणाऱ्या मुलाला कितीही चांगलं शिकवलं तरी ते पोचत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. ७५ वर्षांनी तोच एक रुपया उलट्या दिशेने, सरकारकडून मुलीकडे यायला लागला. दोन्ही वेळेला तो रुपया एकच गोष्ट सांगत होता, की हे मूल आज शाळेत आहे की नाही याची कुणीतरी मोजदाद ठेवतंय. दुसरीतल्या मुलीच्या आयुष्यात तोवर कुणी तिची मोजदाद ठेवलेली नसते.

पण त्या रुपयाची दुसरी बाजूही मी पाहिली. तिसरीत एक मुलगी होती, शेंबडी, केसांना तेल न लागलेली, बोलायला मात्र तिखट. थंडीच्या दिवसांत एकदा ती परिपाठाला रांगेत उभी राहिली तेव्हा मला तिचे डोळे लाल दिसले. हात लावला तर चटका बसला. मी तिला आत नेऊन सतरंजीवर निजवलं, तिच्या अंगावर माझी शाल घातली आणि मोठ्या मुलाला तिच्या घरी पिटाळलं. घराला कुलूप. आई शेंगा फोडायला गेलेली. दुपारी ती आल्यावर मी लेकीला उचलून तिच्या कडेवर दिलं. तेवढ्या तापात मुलीने आईच्या खांद्यावरून डोकं उचललं आणि मला विचारलं, "बाई, हजेरी लावली ना?"

"लावली," मी म्हटलं.

"आईला दावा."

मी हजेरीपट आणून तिच्या आईला तिच्या नावापुढची आजची खूण दाखवली. आईला वाचता येत नव्हतं. तिने खुणेवर बोट ठेवलं, मान हलवली आणि लेकीला घेऊन गेली.

कित्येक वर्षं मी या प्रसंगाचा अर्थ लावत आले आहे. कधी वाटतं, एका रुपयाने ते लेकरू तापात घराबाहेर काढलं. कधी वाटतं, घराला कुलूप असताना ते तापात एकटं पडलं असतं, त्यापेक्षा माझ्या शालीखाली होतं ते बरं. दोन्ही खरं आहे. योजना सुरू झाल्यापासून तीसेक वर्षं तो रुपया रुपयाच राहिला. महागाई वाढली, शिक्षकांचे पगार वाढले, मुलीच्या एका दिवसाची किंमत तेवढीच राहिली. हे मला आजही सहन होत नाही.

स्टारचं प्रकरण त्यानंतरचं, २००३-०४ च्या आसपासचं. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की शिक्षा बंद करा, प्रोत्साहन द्या. छडी मी कधीच वापरली नव्हती, त्यामुळे मला ते मनापासून पटलं. तालुक्याच्या बाजारातून मी चमकीच्या स्टारची पाकिटं आणली. भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखला, उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत पाढे, वाचन, शुद्धलेखन, स्वच्छता, चित्रकला. दहा स्टार झाले की पेन्सिल, वीस झाले की खोडरबर आणि शार्पनर.

पहिले दोन महिने वर्ग असा उसळला की मला वाटलं आपल्याला किल्ली सापडली. पाढे धडाधड पाठ व्हायला लागले. नखं कापलेली, केस विंचरलेले. साहेब शाळा भेटीला आले तेव्हा तक्ता पाहून खूश झाले.

वर्गात एक मुलगा होता. त्याला पाढे येत नसत, वाचताना तो अडखळायचा, पण बैल काढायचा. खडूचा तुकडा मिळाला की फरशीवर, कोळसा मिळाला की शाळेच्या मागच्या भिंतीवर. त्याचे बैल पाठ्यपुस्तकातल्या बैलांसारखे नव्हते. वशिंड कुठे सैल पडतं, ओझं ओढताना मान कशी खाली जाते, शिंगाला लावलेला गोंडा कोणत्या बाजूला लोंबतो, हे सगळं त्यात असायचं. त्याच्या बापाची बैलगाडी होती, तो तिच्यामागून चालत कारखान्यापर्यंत गेलेला होता. मी त्याला चित्रकलेच्या रकान्यात स्टार द्यायला लागले. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला काहीतरी मिळावं, हा हेतू. मला त्याचा फार आनंद वाटत होता.

महिन्याभरात त्याचे बैल लहान झाले. मग भराभर यायला लागले, एका पानावर चार-चार, सगळे एकसारखे, पाठ केल्यासारखे. दहा स्टार झाले, पेन्सिल मिळाली. वीस झाले, खोडरबर मिळालं. मग एके दिवशी माझी पाकिटं संपली होती आणि बाजाराला जाणं झालं नव्हतं. मी त्याला म्हटलं, आज पोळ्याचं चित्र काढ. तो पाटी पुढे ओढता ओढता थांबला आणि म्हणाला, "बाई, ह्याला इस्टार हाय का?"

"आज नाही रे. असंच काढ."

त्याने पाटी खाली ठेवली. रुसून नव्हे, अगदी सहज, दुकान बंद दिसल्यावर माणूस जसा मागे फिरतो तसा. त्या वर्षी मागच्या भिंतीवर नवा बैल आला नाही.

तक्ता मी दिवाळीच्या सुट्टीत काढून टाकला. आपलं काय चुकलं ते मात्र मला बऱ्याच वर्षांनी, एका लेखात अमेरिकेतल्या एका प्रयोगाविषयी वाचताना कळलं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला होता, आणि १९७३ साली तो छापून आला. स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं त्यांनी निवडली आणि तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा वर्गात स्केचपेन ठेवले आणि कोण आपण होऊन चित्र काढायला बसतं ते पाहिलं. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं, ती मुलं इतरांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रांपाशी थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी कमी झाली नव्हती.

चांदणी आणि चित्र! मी तो लेख वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला झोप आली नाही. माझ्या चांदण्या बाजारातल्या पाच रुपये पाकिटाच्या, त्यांच्या सोनेरी, एवढाच फरक. त्या मुलाचं जे स्वतःचं होतं, बापाच्या गाडीमागून चालत डोळ्यांत साठवलेलं, त्याच्यावर मी दर लावला. दर लागला की ते विकाऊ झालं, आणि गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी त्याने ते काढणं थांबवलं.

पाढ्यांचं तसं झालं नाही, हेही सांगायला हवं. पाढ्यांची गोडी मुळातच कुणाला नव्हती, त्यामुळे ती मरायचा प्रश्न नव्हता. स्टारच्या नादाने पाठ झालेले पाढे पाठच राहिले आणि पुढे गुणाकाराला उपयोगी पडले. ज्याची आवड नाही त्याच्या उंबऱ्यापर्यंत मुलाला नेण्यापुरतं बक्षीस चालतं, असं माझं मत झालं आहे. जिथे मूल आधीच आत जाऊन रमलंय, तिथे बक्षीस घेऊन जाऊ नये.

पुढे बदली होऊन मी मोठ्या गावच्या शाळेत आले. चौथीचा वर्ग, एकतीस मुलं. तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथी आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून काही वर्षं ती पाचवी आणि आठवीला होती. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा. तिच्या पैशाने कुणाचं घर चालत नव्हतं, पण तालुक्यात शिक्षकाची पत तिच्यावर ठरायची. "यंदा तुमची किती लागली?" हा प्रश्न बैठकीत चहाच्या आधी यायचा.

मी सकाळी सातला जादा तास सुरू केला आणि एकतीसातली सहा मुलं निवडली. निवड मीच केली. ज्यांची भाषा आणि गणित आधीच बरं, ज्यांच्या घरी कुणीतरी अभ्यास घेऊ शकेल, ज्यांचे आईबाप सरावाचं पुस्तक विकत घेऊ शकतील. बाकीच्या पंचवीस जणांना मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, सगळ्यांना कळलं होतं.

त्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी सातला आली आणि वर्गाबाहेर पायरीवर बसली. मांडीवर पाटी. मी फळ्यावर बुद्धिमत्तेचं उदाहरण लिहिलं की ती दारातून मान पुढे काढून ते उतरवून घ्यायची आणि बाहेरच सोडवायची. रोज आली. थंडीत आली. मी तिला हाकललं नाही, आणि आतही बोलावलं नाही. आत बोलावलं असतं तर बाकीचे चोवीसही आले असते, सहा जणांकडे लक्ष देता आलं नसतं, असं मी स्वतःला सांगत होते. सहापैकी दोन मुलांना शिष्यवृत्ती लागली. शाळेत पेढे वाटले, बैठकीत माझं नाव घेतलं. पायरीवरच्या मुलीने त्या हिवाळ्यात फळ्यावरचं काय काय सोडवलं, ते मी एकदाही तपासलं नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली, शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन मी डी.एड.ला असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्या पेढ्यांनंतर ते पुन्हा काढलं. त्यात शिष्यवृत्त्यांविषयी त्यांनी जे म्हटलंय ते माझ्याच वर्गात उभं राहून म्हटल्यासारखं आहे. सरकारी शाळांतली शिष्यवृत्तीची पद्धत सदोष आहे, कारण ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच ती उत्तेजन देते. काही शिष्यवृत्त्या, जिथे शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी ठेवाव्यात. स्पर्धेने त्या देणं न्यायाचं दिसतं, पण त्याने इतरांत शिक्षण पसरत नाही. फुले बक्षिसांच्या विरोधात नव्हते. बक्षीस कुणाच्या दाराशी जाऊन थांबतं, हे ते बघत होते.

बडोद्याच्या सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना कॉलेजात असताना महिना २५ रुपये दिले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जायला तीन वर्षांसाठी महिना ११.५ पौंड. आपण त्यालाही शिष्यवृत्तीच म्हणतो. पण ते पैसे झालेल्या कामाबद्दल पाठीवर मारलेली थाप नव्हते, पुढचं काम करता यावं म्हणून पायाखाली ठेवलेला दगड होता. मी सहा मुलांना थाप मारायच्या तयारीत होते आणि पायरीवरच्या मुलीच्या पायाखाली काहीच ठेवलं नव्हतं.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे शहरातल्या घरांमधलं वेगळंच. दोन वर्षांपूर्वी भावजयीचा फोन आला. तिची मुलगी, माझी भाची, नववीत. "ताई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचारते. दहावीला नव्वदच्या वर पडले तर टॅब घेऊन देऊ असं तिला सांगू का? अभ्यासाला बसतच नाही."

मी विचारलं, "नव्वद पाडायला तिने उद्या सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं, हे तिला माहीत आहे का?"

ती गप्प झाली.

हा प्रश्न माझा नाही. हार्वर्डमधल्या रोलंड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या शहरांमध्ये हजारो मुलांना पैसे देऊन पाहिले, त्याचा अभ्यास २०११ साली छापून आला. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे ठेवले. मुलं उत्साहात होती, पण गुण वाढले नाहीत, कारण जास्त गुण मिळवायला काय करावं लागतं हेच त्यांना उमगत नव्हतं. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचलं आणि त्यावरच्या छोट्या चाचणीत उत्तरं दिली की २ डॉलर मिळायचे. तिथे मुलांची वाचनाची समज वाढली. पुस्तक उघडणं मुलाच्या हातात असतं, नव्वद टक्के नसतात.

गुणांवरची बक्षिसं कधीच चालत नाहीत, असंही नाही. केनियातल्या बुसिया जिल्ह्यात सहावीच्या मुलींसाठी २००१ च्या सुमाराला गुणवत्ता शिष्यवृत्ती ठेवली, तेव्हा मुलींचे गुण वाढले, आणि ज्यांना शिष्यवृत्ती मिळणारच नव्हती त्या मुलांचेही वाढले. शिक्षक शाळेत जास्त हजर राहायला लागले. पण त्या शिष्यवृत्तीतून पुढची दोन वर्षं शाळेची फी भरली जायची आणि घरालाही थोडी रक्कम मिळायची. फीअभावी शाळा सुटणाऱ्या मुलीला तिचा अर्थ वेगळा होता. भाचीच्या टॅबशी तिची तुलना कशी करणार?

भावजयीला मी एवढंच सुचवलं की टॅबचा विषय काढू नका, आणि रोज रात्री जेवण झाल्यावर तिने अर्धा तास तुमच्यासमोर बसून त्या दिवशीचं विज्ञान तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्हाला कळलं नाही तर पुन्हा सांगायचं. भाऊ तिथेच ऐकत असावा. त्याने फोन घेतला. तो कमी बोलतो. म्हणाला, "ताई, ते ठीक आहे. मी घरात एकच नियम केलाय. पाहुण्यांसमोर तिला मार्क विचारायचे नाहीत."

मला पुढे काही बोलता आलं नाही.

शाळेत आता नंबर काढत नाहीत. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, श्रेणी आल्या, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रगतिपुस्तक न्यायला आलेले आईबाप त्या नोंदी वाचतात, मग पुस्तक मिटतात आणि विचारतात, "ते झालं, पण बाई, नंबर कितवा?" मी त्यांना दोष देत नाही. नंबर हा त्यांना कळणारा एकच शब्द आहे, तोही आम्हीच शिकवलेला.

गेल्या वर्षी आमच्या गावचे, पुण्यात धंदा असलेले एक गृहस्थ शाळेत आले. आईच्या स्मरणार्थ दर १५ ऑगस्टला चौथीच्या पहिल्या तीन नंबरांना भांडी द्यायची त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, नंबरच नको. ते म्हणाले, "बाई, नंबर नसला तर लोकांना कळणार कसं कुणाला कशासाठी दिलं?" प्रश्न रास्त होता. आम्ही बराच वेळ बोललो, चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं, दोन भांडी श्रेणीप्रमाणे, तिसरं मी सांगेन त्याला. कशासाठी ते भांड्यावर लिहायचं.

तिसरं नाव माझ्या डोक्यात आधीपासून होतं. त्या मुलीचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन गेले, दोन लहान भावंडंही सोबत गेली. हिला आजीने ठेवून घेतलं. गावात हंगामी वसतिगृह चालतं, तिथे दोन वेळचं जेवण मिळायचं, रात्री ती आजीकडे. आजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. काठी टेकत ती नातीला फाटकापर्यंत सोडायला यायची, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा येऊन मला विचारायची, "किती दिवस भरले ओ बाई?" मी हजेरीपट बघून आकडा सांगायचे. ती तो पुटपुटत घरी जायची.

वर्षाचे २११ भरले. त्या मुलीला आता जोडाक्षरं वाचता येतात, अजून थोडी अडखळते. भागाकार कच्चा आहे. पेल्याविषयी मी दोघींनाही आधी काहीच सांगितलं नव्हतं. तापात हजेरी विचारणारी मुलगी मी विसरले नव्हते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने पेला पुसून काचेवर ठेवला, नाव घालायच्या मशीनची वायर लावली आणि सवयीने विचारलं, "काय घालू? प्रथम क्रमांक?"

"नंबर नाही. हिचं नाव घाला, आणि खाली '२११ दिवस'."

"आकडे मराठीत?"

"मराठीत."

त्याने पेला फिरवून पाहिला. "अजून जागा हाय, बाई."

मी आजीचं नाव सांगितलं.

"ही कोणत्या वर्गात?"

"ही रोज सोडायला यायची."

त्याने चष्मा वर सरकवला, नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं, काना-मात्रेसकट, आणि मशीन सुरू केली.